उंबरपाणीचा ठराव

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी रूपालीने ठरावाची जुनी वही सासऱ्यांसमोर आणून ठेवली. कौतिकआबा ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होते. वहीचं पान उघडंच होतं. आबांनी चष्मा लावला नाही. त्या पानावर काय आहे ते त्यांना चष्म्याशिवायही माहीत होतं.

"कोठे सापडनी तुले हाई?"

"पंचायतीच्या कपाटात. आज ग्रामसभेत सेवा केंद्राच्या जागेचा ठराव आहे, म्हणून ग्रामसेवक भाऊसाहेबांना जुने ठराव काढायला सांगितले होते."

"मंग?"

"आबा, या पानावर दोन शाया आहेत."

आबांनी बशी खाली ठेवली. "पेननी शाई सरनी व्हई."

रूपाली धुळ्यात वाढलेली. बोलायची हळू, पण एकदा विचारलेला प्रश्न ती मागे घ्यायची नाही. दोन वर्षांपूर्वी सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं, तेव्हा गाव धरूनच चाललं होतं की सही तिची आणि कारभार तिच्या नवऱ्याचा, हितेंद्रचा. पहिलं वर्ष तसंच गेलं. मग तिने कागद घरी मागवून वाचायला सुरुवात केली.

त्यांची गट ग्रामपंचायत होती. नदीच्या अलीकडे दहिखेडे, पलीकडे उंबरपाणी, आणि उंबरपाणीच्या वर डोंगरात चार पाडे. तालुक्याच्या नव्या विकास आराखड्यात अशा गटाला एकच सेवा केंद्र मिळणार होतं. दाखले, सातबारा, निराधारांचं मानधन, रेशनचा अंगठा, नर्सबाईची खोली, सगळं एका छपराखाली. ते कुठे बांधायचं एवढंच ग्रामसभेने ठरवायचं होतं.

वहीतलं पान सत्तावीस वर्षांपूर्वीचं होतं. तेव्हा आबा सरपंच होते. आरोग्य उपकेंद्र उंबरपाणीला मंजूर झालं होतं, आणि आबांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, तोताराम, यांनी त्यासाठी आपली पंधरा गुंठे जमीन देऊ केली होती. पानावर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'उपकेंद्राच्या जागेबाबत चर्चा झाली.' खाली सह्या. आणि मधल्या जागेत काळ्या शाईत दाटीवाटीने बसवलेल्या दोन ओळी: 'उंबरपाणी येथील जागा पावसाळ्यात गैरसोयीची असल्याने उपकेंद्र दहिखेडे येथे बांधावे. जागामालक श्री. तोताराम यांची यास संमती आहे.'

"मामंजींनी ही संमती दिली होती?" रूपालीने विचारलं. तोतारामांना ती मामंजी म्हणायची. लग्नानंतर एकदाच त्यांना भेटली होती, तेही पिंपळनेरच्या बाजारात.

आबा काही बोलायच्या आत हितेंद्र आतून टॉवेलने डोकं पुसत आला. वही बघितली आणि त्याचा चेहरा उतरला.

"सकाळी सकाळी हे काय काढलंस?"

"आज याच जागेचा प्रश्न आहे."

"जागेचा प्रश्न नाहीच. बसस्टँडसमोर पंचायतीचा प्लॉट आहे. वीज आहे, नेट आहे, एसटी थांबते. उंबरपाणीला फोन लावायला माणूस टेकडीवर चढतो, तिथे कॉम्प्युटर काय चालणार? कोणता कर्मचारी राहणार तिथे? दोन वर्षांत त्या इमारतीत शेळ्या बांधतील."

"प्लॉटसमोर आपले गाळे आहेत, हेही सांग ना."

"हो, आहेत. मग? चार माणसं गावात आली तर दुकानात येतील. यात चोरी काय?"

चोरी नव्हती. रूपालीला हेच अवघड जात होतं, की हितेंद्र बोलायचा त्यातलं निम्मं खरं असायचं.

"मी महिला सभेला उंबरपाणीला गेले होते," ती म्हणाली. "रांगोळीने नकाशा काढला बायकांनी. कुठून कुठे चालत जायला किती तास लागतात, तेवढे चिंचोके ठेवायला सांगितले. दहिखेड्याच्या खुणेवर चिंचोके मावेनात, हितेंद्र. वरच्या पाड्यावरची एक म्हातारी मानधनासाठी तीन वेळा येऊन गेली आहे. तिचा अंगठाच मशीन घेत नाही. तिसऱ्या वेळी एसटी चुकली आणि ती आपल्याच गाळ्याच्या पायरीवर बसून राहिली."

हितेंद्रने टॉवेल दोरीवर टाकला.

"आणि मोहिनी बोलली."

आबांनी मान वर केली. मोहिनी म्हणजे त्यांच्या बहिणीची सून, ललितची बायको.

"पहिल्या बाळंतपणाला त्यांनी तिला ट्रॉलीत घालून आणलं. नदीला पाणी होतं. नर्सबाई बॅग घेऊन या काठाला उभी होती, मोहिनी त्या काठाला. 'बाईचा चेहरा मला दिसत होता,' म्हणाली. दोन तास. पाणी उतरलं तोवर पोरगी गेली होती." रूपालीने वहीचं पान बोटाने दाबून धरलं. "ती हे रडत सांगत नव्हती. नकाशात नदी कुठे काढायची ते सांगत होती."

मग हितेंद्र म्हणाला, "पूल मंजूर आहे."

"आराखड्यात आहे. बारा वर्षं झाली."

आबा उठले. आत जाताना त्यांनी वहीकडे बोट केलं. "ती वही सभाले लई चाल," एवढंच म्हणाले.

*

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन होऊन गेलं होतं, खुर्च्या मांडत होते. हितेंद्र फाटकाशी उभा राहून मनातल्या मनात माणसं मोजत होता. दहिखेड्याची शंभरेक जमली होती. उंबरपाणीचे एरवी दहा-बारा यायचे, सह्या करून निघून जायचे. आज तसंच झालं तर अर्ध्या तासात विषय संपला असता.

तेवढ्यात नदीच्या वाटेने दोन ट्रॅक्टर आले. ट्रॉल्या भरलेल्या होत्या. बायकाच जास्त. पुढचा ट्रॅक्टर ललित चालवत होता. हितेंद्र आणि ललित एकाच वयाचे, लहानपणी एका विहिरीत पोहायला शिकलेले. आता भेटले की कांद्याच्या भावाबद्दल बोलत आणि आपापल्या वाटेने जात.

"बरीच माणसं आणलीस," हितेंद्र म्हणाला.

"मी नाही आणली. वहिनी येऊन गेल्या ना सभेला, तेव्हापासून बायकांनीच ठरवलंय." ललितने ट्रॅक्टर बंद केला. मग हळूच म्हणाला, "आई आलीये."

हितेंद्रने ट्रॉलीकडे पाहिलं. मागच्या फळीला धरून वच्छलाआत्या उतरत होती. पांढरं लुगडं, हातात काठी. त्याला आठवत होती ती आत्या वेगळी होती. तो सोळा वर्षांचा होता तेव्हा ती शेवटची त्यांच्या घरी आली होती, आणि उभ्या उभ्या परत गेली होती. त्यानंतर सत्तावीस आखाज्या झाल्या. दर आखाजीला गावातल्या लेकी माहेरी यायच्या. त्यांच्या घरी त्या दिवशी आई एक ताट जास्तीचं वाढायची आणि आबा जेवण अर्धं टाकून उठायचे. आई गेली, तेव्हा आत्या आली ती थेट स्मशानाच्या वाटेवर. घरात आली नाही.

"ललित, एक विचारू? मामांनी खरंच संमती दिली होती का रे?"

ललितने ट्रॅक्टरची चावी खिशात टाकली. "बाबांना मी एकदाच विचारलं. म्हणाले, सही माझी आहे, मी काय बोलू? गावात लोक म्हणायचे, मेव्हण्याकडून काहीतरी घेतलं आणि उपकेंद्र विकलं. बाबा पारावर बसायचेच बंद झाले. पुढे पंधरा वर्षं जगले, पण पारावर नाही बसले."

हितेंद्र फाटकातून बाजूला झाला. आत्या त्याच्या अगदी जवळून गेली. त्याने वाकून नमस्कार केला. तिने डोक्यावर हात ठेवला, ठेवायचा म्हणून नाही, नीट ठेवला.

*

कौतिकआबा पहिल्या ओळीत बसले होते. बहीण बायकांमध्ये, डावीकडे, खाली सतरंजीवर. त्यांनी तिकडे पाहायचं टाळलं आणि तरी तिच्या काठीचं टोक त्यांना सारखं दिसत होतं.

ग्रामसेवक प्रेमराज याने विषय वाचला. दोन्ही जागांची माहिती दिली: अंतर, वीज, रस्ता, लोकसंख्या. नंतर हितेंद्र बोलला, पण सकाळच्या जोराने नाही. वीज, नेट, एसटी एवढं सांगून बसला. उंबरपाणीकडून एक जण उठला. दहिखेड्याच्या दोघा-तिघांनी त्याला मध्येच अडवलं.

"अरे, तुमच्याच माणसाने लिहून दिलंय, तिकडची जागा गैरसोयीची आहे म्हणून," मागून कोणीतरी ओरडलं. "तोतारामची सही आहे! आता कशाला रडता?"

काठीचं टोक जमिनीवरून उचललं गेलं आणि पुन्हा टेकलं. सत्तावीस वर्षं वच्छलाबाई हेच ऐकत आल्या होत्या, त्यांच्या गावात, आणि आता या गावातही.

आबांना तो दिवस आठवला. निवडणूक तोंडावर होती. दहिखेड्याच्या लोकांनी सांगितलं होतं, उपकेंद्र नदीपलीकडे गेलं तर या गावातून मत विसरा. सभेनंतर तोताराम घाईत होते, बैलगाडी जुंपलेली होती. आबा म्हणाले होते, सही करून ठेवा दाजी, बाकीचं मी लिहून घेतो. आणि दाजींनी हसून सही केली होती. एवढंच. त्यासाठी कोणाला धमकावलं नव्हतं, कोणाला मारलं नव्हतं. ते निवडून आले. उपकेंद्र झालं, त्यात दहिखेड्याची कितीतरी बाळंतपणं सुखरूप झाली. पुष्कळ वर्षं ते स्वतःला हेच मोजून दाखवत आले. मग मोहिनीची बातमी आली. ते उंबरपाणीला गेले, बहिणीच्या दाराशी उभे राहिले. दार आतून लावलेलं होतं. त्यांनी दोनदा हाक मारली आणि परत आले. तिसऱ्यांदा मारायला हवी होती, हे नंतर रोज वाटलं.

ते उठले. रूपालीच्या टेबलापाशी गेले, वही उचलली. माजी सरपंच बोलणार म्हणून लोकांनी आदराने माना वर केल्या.

"तोताराम दाजीनी सही शे, हाई खरं शे," ते म्हणाले. आवाज बसका होता. "पन सही पह्यली व्हयनी. ह्या दोन ओळी मंग लिखायन्यात. त्या मी लिखेल शेतस."

त्यांनी वही उघडून ते पान सभेकडे धरलं.

"दाजीस्ले म्हाईत नव्हतं. त्यास्नी काही लिधं नही, काही इकं नही. त्यास्ना भरोसा व्हता मनावर." त्यांनी वही मिटली. "मी फसाडं त्यास्ले. मतंसाठे."

मागून कोणीतरी म्हणालं, "आबा, ऱ्हाऊ द्या ना आता, जुनी गोष्ट." त्यांनी हाताने त्याला थांबवलं आणि वही टेबलावर परत ठेवली.

हितेंद्र उठून बाहेर गेला. रूपालीने ते पाहिलं. मग ती म्हणाली, "ठरावावर मतदान घेऊ. हात वर करा."

प्रेमराजने दोनदा मोजलं. उंबरपाणीच्या बाजूने एकोणीस हात जास्त होते. दहिखेड्याच्या बायकांनीही हात वर केले होते, आपल्या नवऱ्यांकडे न बघता. दहिखेड्याचे बरेच पुरुष मतदान संपायच्या आतच उठून गेले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"जागा?" प्रेमराजने विचारलं. "जागामालकाची संमती लेखी लागेल."

ललित आईकडे पाहू लागला. ती पंधरा गुंठे जमीन आता तिच्या नावावर होती. तोतारामांनी ती पुन्हा कधी पेरली नाही, ना ललितला पेरू दिली.

वच्छलाबाई काठी टेकून उठल्या. "जागा दिसू," द्यायचं कबूल करत त्या म्हणाल्या. "पन पह्यले बठ्ठं लिखा. मंग मनी सून मोहिनी वाची. ती वाची दखाडी, तवय मी अंगठा दिसू. कोरा कागदवर नही."

प्रेमराजने मान खाली घातली आणि लिहायला बसला. मोहिनीने उभं राहून तो ठराव मोठ्याने वाचला, तारखेपासून शेवटच्या ओळीपर्यंत. एका ठिकाणी गट क्रमांक चुकला होता, तो तिने दुरुस्त करून घेतला. मग वच्छलाबाईंनी अंगठा दिला.

*

सभा उठली. वच्छलाबाई ट्रॉलीकडे निघाल्या. त्यांना वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचं काहीतरी उतरेल. तसं काही झालं नाही. उलट राग आला, आणि तो जुना नव्हता, आजचा होता. दोन वाक्यं. दोनच वाक्यं होती ती. एवढ्यासाठी माणूस पंधरा वर्षं घरात तोंड लपवून बसला.

"अक्का."

कौतिक मागे आला होता. काखेत काही नाही, डोक्यावर टोपी नाही. लहान असताना मार खाऊन यायचा तेव्हा असाच उभा राहायचा.

"अक्का, घर चाल. आखाजी शे."

"आखाजी काल व्हती," त्या म्हणाल्या.

त्याचे डोळे भरले होते. वच्छलाबाईंना त्याची दया आली, आणि दया आली म्हणून पुन्हा राग आला.

"हाई मना मालक जित्ता व्हतात तवय सांगाले जोयजे व्हतं, कौतिक."

"व्हय."

"त्या रोज वाट देखेत. तू येशी, बोलशी. मले कधी म्हनं नही त्यास्नी, पन मी देखे ना. मोटरसायकलना आवाज उना की त्या दारम्हा येत."

"मी येल व्हतू, अक्का. तू दार उघाडं नही."

"मोहिनीनी पोर गयी तवय उना तू. त्यास्नासाठे नही उना." त्यांनी काठीने नदीपलीकडे दाखवलं. "आठे तुनं गाव शे. आठे सांगं त्यानं काय? त्यास्ले नाव ठेवनारा तठे शेतस. चाल मनासंगे. तठे सांग."

रूपाली जवळ आली होती. "आबा, ऊन आहे. मी गाडीने सोडते संध्याकाळी."

"नही," आबा म्हणाले. "इस्नासंगेच जास."

ट्रॉलीत चढायला त्यांना जमेना. फळी उंच होती. पाठीमागून कोणीतरी काखेत हात घालून उचललं. तो हितेंद्र होता. त्याने बापाला वर बसवलं, स्वतः चढला नाही, आणि ललितला म्हणाला, "नदीत हळू घे. खडक वर आलेत." मग तो रूपालीपाशी जाऊन उभा राहिला. दोघं ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत तिथेच होते. तिला वाटत होतं, आजचा ठराव आपण जिंकला आणि तरी घरात जेवताना काय बोलायचं ते सुचत नाही. त्याला वाटत होतं, आपण सोळा वर्षांचे असताना बापाला हा प्रश्न विचारला असता तर.

*

उंबरपाणीचा पार जवळजवळ रिकामा होता. दुपारची वेळ, कर्ती माणसं कांदा काढायला गेलेली, तरुण सुरतेला नाहीतर नाशिकला. पारावर तिघं म्हातारे होते. ज्यांनी तोतारामांना नावं ठेवली त्यांतले बहुतेक केव्हाच वारले होते. वच्छलाबाईंच्या हे आत्ताच नीट लक्षात आलं. त्यांनी मनात पार नेहमी भरलेला पाहिला होता.

तरी त्या थांबल्या नाहीत. "सांग," त्या भावाला म्हणाल्या.

आबा पारासमोर उभे राहिले. शाळेत बोलले होते तसं इथे बोलता येईना. तीन म्हातारी तोंडं त्यांच्याकडे पाहत होती, आणि त्यांतल्या एकाने, सुपडूने, एकेकाळी त्यांच्या निवडणुकीत घरोघर चिठ्ठ्या वाटल्या होत्या. आबांनी सगळं सांगितलं. ओळी, शाई, बैलगाडी, दाजींचं हसणं. शेवटी आवाज इतका खाली गेला की ट्रॉलीजवळच्यांना काही कळेना.

दोघांनी माना हलवल्या. एक जण म्हणाला, "आते काय, कौतिकभाऊ. गयं ते गयं."

सुपडूला ऐकू येत नव्हतं. त्याने कानामागे हात धरला. "काय म्हनी ऱ्हायना तो?"

दुसऱ्याने हाताने त्याला खूण केली, काही नाही, सोड.

वच्छलाबाई पुढे झाल्या. त्यांनी काठी मोहिनीच्या हातात दिली, पाराच्या पायरीवर चढल्या, सुपडूच्या कानाशी वाकल्या आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"मना मालकनी सही इकेल नव्हती!"

सुपडूने कान आणखी पुढे केला.

"इकेल नव्हती, सुपडूभाऊ! मना भाऊनी त्यास्ले फसाडं! आयकू उनं का?"

"उनं, माय," सुपडू म्हणाला. "आयकू उनं."

पण त्यांनी पुन्हा सांगितलं. मग आणखी एकदा. पारामागच्या घरातून एक बाई दारात आली, समोरून दोघी आल्या. आबा खाली मान घालून उभे होते, आणि वच्छलाबाई प्रत्येकीकडे वळून तेच एक वाक्य सांगत होत्या. घसा बसला, मोहिनीने हात धरला, तरी त्या सांगतच राहिल्या.